आमच्या घराला शटर बसवलं!

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी एका पिरियडपुरतं वर्गात यायचं आणि घंटा झाली की निघून जायचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क खुशाल कापा, मुद्द्याचे तेवढे द्या!

मुद्दा फोनचा आहे. आम्ही मुलुंड पूर्वेला वन बीएचकेमध्ये राहतो. आई गेली अकरा वर्षं घरून पोळी-भाजीच्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. मागच्या दिवाळीत एकट्या चकलीच चाळीस किलो झाल्या. तरीही नातेवाइकांत तिची ओळख काय, तर "फावल्या वेळात काहीतरी करते." फावला वेळ! सकाळी सहाला "वहिनी, आज दोन पोळ्या जास्त द्या" इथून सुरू झालेला मोबाईल रात्री अकराला "अनारसे जरा कमी गोड होतील का हो?" इथे संपतो.

गेल्या पावसाळ्यात आजीला रात्री हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. बाबा तिथून आईला फोन लावत होते. आई एका गिऱ्हाईकाशी बोलत होती. मधे वेटिंगचा आवाज आला, तो तिला दुसरी ऑर्डर वाटला. तिने पाहिलंच नाही. वीस मिनिटं! आजी आज ठणठणीत आहे, पण ती वीस मिनिटं आई अजून विसरलेली नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. वाण्याच्या दुकानाला शटर असतं. ते खाली ओढलं की वाणी घरी जातो. घरून धंदा करणाऱ्या बाईला शटर नसतं. तिच्या बाबतीत शटर म्हणजे फोन, आणि म्हणून धंद्याचा फोन वेगळाच हवा. "मग दुसरं सिमकार्ड घे ना," असं दादा म्हणाला. पण दुसरं सिमसुद्धा त्याच मोबाईलमध्ये बसून, त्याच उशीखाली वाजणार. आम्हाला हवा होता टेबलावर बसणारा, आपली जागा न सोडणारा फोन. म्हणजे इंटरनेटवर चालणारी लँडलाइन.

थोडा इतिहास. आपल्या देशात इंटरनेटवरून फोन करायला परवानगी मिळाली 1 एप्रिल 2002 ला, पण अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला बोला. पण मुलुंडहून घाटकोपरच्या साध्या फोनला लावायचा नाही! अमेरिकेतल्या मावशीशी बोलता येत होतं, गिऱ्हाईकाशी नाही. ट्रायने 2008 मध्ये हे बंधन काढा म्हणून शिफारस केली, ती तशीच राहिली. 2017 मध्ये पुन्हा केली, आणि 2018 मध्ये दूरसंचार खात्याने परवानाधारक कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. म्हणजे सोळा वर्षं तंत्र तयार होतं आणि नियम तयार नव्हता. आमच्या सरांना सांगायला हवं, सबमिशनला उशीर होतो तो असा!

हे चालतं कसं? आपला आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतात, प्रत्येक मोजणीचे 8 बिट. झाले 64 किलोबिट. साधारणपणे त्याची सेकंदाला 50 पाकिटं करतात, प्रत्येकावर पत्ता चिकटवतात आणि पाठवून देतात. पत्त्यांसकट एका कॉलला एका बाजूने 90 किलोबिटच्या आसपास लागतात. म्हणजे घरातलं साधं कनेक्शनही भरपूर झालं. अडचण वेगाची नसते, वेळेवर पोचण्याची असते. दादा गेम डाउनलोड करायला लागला की पाकिटं रांगेत अडकतात आणि आईचा "हॅलो" तुटक येतो. राउटरच्या सेटिंगमध्ये आवाजाला पहिला मान दिला की हे थांबतं. डबेवाल्याला वाट देतात ना, तसंच.

आता माझा मूर्खपणा सांगते. इंजिनिअरिंगची मुलगी म्हटल्यावर मी आधी साधा फोन लावलाच नाही. एका कंपनीची ट्रायल घेतली, ॲप टाकलं आणि मोठ्या थाटात रेकॉर्डिंग बसवलं, "चकलीसाठी एक दाबा, पोळी-भाजीसाठी दोन दाबा." पहिल्याच दिवशी आईच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक, घाटकोपरच्या एक आजी, रेकॉर्डिंगशीच बोलत बसल्या. "अगं, मी बोलतेय, ओळखलं नाहीस का?" मग संध्याकाळी नातवाकडून आईच्या मोबाईलवर फोन केला, "एवढी मोठी झालीस का गं?" आई माझ्यावर ओरडली नाही. फक्त म्हणाली, "त्यांना चकली नको असते गं रोज. त्यांना बोलायचं असतं." माझी सेमिनारमधली सगळी स्लाइडं त्या एका वाक्यापुढे फुकट!

म्हणून माझं मत असं झालंय की घरगुती धंद्याच्या फोनमधलं इंटरनेट कुणाला दिसताच कामा नये. आता आमच्याकडे फायबरच्या डब्याला मागे जे टेलिफोनचं भोक असतं, त्यात माळ्यावरचा जुना बटणांचा फोन लावलाय. नंबर 022 चा. गिऱ्हाईकाला कळतही नाही की हा इंटरनेटचा फोन आहे. व्हॉट्सॲप बिझनेसही त्याच नंबरावर चालू केलं. लँडलाइनवर एसएमएस येत नाही, पण कोड फोन करून सांगतात.

तुमच्या घरी कुणाला लावायचा असेल तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, वीज. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट यायचे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? माझा ऑनलाइन क्लास मधेच गडप झाला. तेव्हा राउटरचा छोटा यूपीएस घ्याच, आणि डॉक्टरांसाठी एक मोबाईल चार्ज ठेवाच.

दुसरी, नंबर. मोबाईलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याकडे राहतो, 2011 पासून ही सोय देशभर आहे. लँडलाइनला नाही. आमचा जुना घरचा नंबर असाच गेला, आणि ज्यांच्या डायरीत फक्त तोच होता ती गिऱ्हाइकंही गेली. माझ्या मते नंबर म्हणजे दुकानाची पाटी. भाडं कंपनीला देऊ, पण पाटी आपली असायला हवी. ही मागणी कुणीतरी लावून धरायला पाहिजे. तोवर कंपनी विचार करूनच निवडा.

तिसरी, परवाना. परदेशातला स्वस्त नंबर, कुणीतरी "जुगाड करून देतो" म्हणतो ती लाइन, या भानगडीत पडू नका. परवाना असलेल्या कंपनीकडूनच घ्या.

आता रात्री आठ वाजले की आई फोनच्या मागचं बटण सरकवते, रिंग बंद. मग मोबाईल वाजला तर ती धावत जाऊन उचलते, कारण तो घरचाच असतो. परवा आत्या आली होती. नेहमीप्रमाणे म्हणाली, "बरं आहे तुझं, फावल्या वेळात करतेस." आईने घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "नाही वन्सं, सकाळी नऊ ते रात्री आठ."

मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला कुणी काही म्हणो, माझा पहिला यशस्वी प्रोजेक्ट झाला तो हाच!