कौतुक गोधडीचे, हिशेब कोणाचा?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या जीज बेंड या खेड्यात २०२२ सालापासून दर ऑक्टोबरात गोधड्यांचा मेळा भरतो. गावाचे सरकारी नाव बॉयकिन. पण जगाला ते ठाऊक आहे ते जुन्या नावानेच. या दिवशी दोऱ्यांवर गोधड्या पसरल्या जातात. दूरदूरचे लोक येतात, पाहतात, विकत घेतात. पावसाळा सरला की गोधड्या उन्हात घालण्याची रीत महाराष्ट्रातील कोणत्याही वाडीला परिचित आहे. जीज बेंडच्या मेळ्याचे नावही तेवढेच सांगते: गोधड्यांना ऊनवारा देणे.

या गोधड्यांविषयी अमेरिकन नियतकालिके गेली वीस-बावीस वर्षे जे लिहीत आली आहेत, त्याचा सूर ठरून गेला आहे. चिंध्यांतून कला कशी उमलली, अशिक्षित हातांना रंगांचे हे भान कोठून आले, असे नवल करायचे आणि शेवटी ‘चमत्कार’ म्हणून हात जोडायचे. चमत्कार हा शब्द अभिजनांना फार सोयीचा आहे. चमत्काराला मजुरी द्यावी लागत नाही. त्याचा करारनामा करावा लागत नाही, आणि तो कोणत्या दारिद्र्यातून घडला याचा जाब तर कोणालाच द्यावा लागत नाही.

तो जाब मागायचा झाल्यास प्रारंभ कापसापासून करावा लागेल. जोसेफ जी नावाच्या जमीनदाराने १८१६ मध्ये येथे मळा वसवला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे याच्या हाती गेला, आणि त्याने आपले गुलाम उत्तर कॅरोलायनातून अलाबामापर्यंत पायी चालवत आणले. त्यांच्याच वंशजांचा हा गाव. मालकाचे आडनाव आजही तेथे घरोघरी नांदते आहे. गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाचीच राहिली आणि कसणाऱ्याच्या वाट्याला अर्धेली व उधारी आली. १९३२ मध्ये उधारी पुरवणारा व्यापारी मरण पावल्यावर त्याच्या वारसांनी वसुलीसाठी माणसे धाडली. अवजारे, गुरे, साठवलेले धान्य, जे हाती लागले ते त्यांनी उचलून नेले. तो हिवाळा लोकांनी रेड क्रॉसच्या शिध्यावर काढला. लाकडी घरांच्या फटींतून वारा आत शिरे. भिंतींवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली असत, आणि त्या वाऱ्यापासून लेकरांना वाचवी ती गोधडीच. शेतावर झिजलेल्या विजारी, पिठाची पोती, सदऱ्यांचे फाटके हात, असे काहीही त्या गोधडीला वर्ज्य नव्हते. मिझुरी पेटवे या स्त्रीने १९४२ मध्ये आपल्या मृत पतीचे कामाचे कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली. त्याच्या आठवणीवर पांघरूण म्हणून तिचाच आधार तिला होता. पुढे ती गोधडी संग्रहालयांच्या भिंतींवर झळकली आणि समीक्षकांनी तिच्यातील रंगसंगतीची वाखाणणी केली. तीत निळ्या रंगाच्या किती छटा आहेत हे सर्वांनी मोजले. तो निळा रंग कोणत्या उन्हात विटला, याची चौकशी करणारे थोडे निघाले.

या गावाच्या कहाणीत एक गोष्ट मात्र भाग्याची घडली, आणि कलेच्या गौरवग्रंथांत तिला जेमतेम चार ओळी मिळतात. रूझवेल्ट यांच्या काळात संघ सरकारने १९३७ च्या सुमारास मळ्याची सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली, तेथे घरे बांधली आणि चाळीसच्या दशकात ती जमीन व घरे कसणाऱ्या कुटुंबांना कर्जाऊ विकली. ज्यांचे आजोबा विकले जात, त्यांचीच जमीन झाली! या एका निर्णयाचे मोल पुढे साठच्या दशकात कळले. विल्कॉक्स परगण्यात मतदार-यादीत नाव घालू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांना जमीनदार घराबाहेर काढीत. जीज बेंडच्या मालक-शेतकऱ्याला तसे काढता येत नव्हते. तेव्हा वाटच तोडण्यात आली. नदीपलीकडील कॅमडेन हे परगण्याचे ठाणे, आणि नाव नोंदवायची ती तेथेच. १९६२ मध्ये तेथे नेणारी तर बंद करण्यात आली. नदी ओलांडून काही मिनिटांत गाठता येणारे गाव रस्त्याने सुमारे पासष्ट किलोमीटरवर गेले, आणि मोटार होती कोणाकडे? १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग या गावात येऊन गेले, तेव्हा ही तर बंद होती.

अशा दिवसांत, डिसेंबर १९६५ मध्ये, फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एका धर्मोपदेशकाला या भागात दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. दहा-दहा डॉलर देऊन त्याने त्या विकत घेतल्या आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव केला. मार्च १९६६ मध्ये साठांहून अधिक स्त्रियांनी मिळून ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापली. एस्टेल विदरस्पून यांनी ती दीर्घकाळ चालवली. मिळालेल्या पैशांतून संस्थेने जमीन घेतली, १९६९ मध्ये किंग यांच्या नावाने शिवणकेंद्र उभारले, आणि मतदानाच्या हक्कासाठी घराबाहेर काढल्या गेलेल्या कुटुंबांना त्याच जमिनीतील तुकडे विकले. एका शिवणाच्या संस्थेने निर्वासितांना जमीन देऊ केली. सहकार या शब्दाचा असा अर्थ सर्वत्र लावला जात नाही.

मात्र सहकाराचा गौरव करताना त्याची अडचण झाकण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांना नमुन्याबरहुकूम माल हवा होता: एकच माप, एकच आकृती, टाके सारखे. शिवणारीच्या मनाला येईल त्या रीतीने पट्ट्या जुळवणे ही या गावची खरी सिद्धी, आणि मागणी होती नेमकी तिच्या विरुद्ध. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचा करार झाला. हजारो अभ्रे शिवले गेले. हातांना काम आणि घराला पगार मिळाला. आणि कापून उरलेले कॉर्डुरॉयचे तुकडे, हिरवट, सोनेरी, लाल, स्त्रियांनी घरी नेले, वाटून घेतले. रात्री त्यांच्या ज्या गोधड्या झाल्या त्यांत कोणाचा नमुना नव्हता, कोणाचे माप नव्हते. आज त्या संग्रहालयांत आहेत. दिवसा शिवलेले अभ्रे कोठे गेले, कोणास ठाऊक! अमेरिकेच्या बाजारपेठेने ज्याला कचरा ठरवले तेच तिच्या कलाजगताने तीस वर्षांनी डोक्यावर घेतले, आणि दोन्ही वेळी भाव ठरवणारा माणूस जीज बेंडच्या बाहेरचा होता.

तो कलाजगताचा अध्याय २००२ मध्ये सुरू झाला. ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या गोधड्या मांडल्या गेल्या. मातीस, क्ले यांची नावे घेऊन तुलना झाल्या; जणू पेटवे घराण्यातील म्हाताऱ्यांना परीक्षेत बसवून युरोपने उत्तीर्ण केले. २००६ मध्ये टपालखात्याने दहा तिकिटे काढली. गोधड्यांच्या आकृत्या गालिच्यांवर आणि घरसजावटीच्या वस्तूंवर उतरल्या. २००७ मध्ये तीन स्त्रियांनी योग्य मोबदला न मिळाल्याची तक्रार करीत गोधड्यांच्या संग्राहकाविरुद्ध न्यायालयात दावे लावले. आरोप अमान्य करण्यात आले, २००८ मध्ये दावे मिटले, आणि वकिलांनी त्यावर काही भाष्य केले नाही. त्या दाव्यांत खरेखोटे कोणाचे, हे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरतेच. अमेरिकेत १९७८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार वस्तू विकली म्हणजे तिच्या आकृतीवरचा हक्क आपोआप विकला जात नाही. पण कायद्याचा आधार घ्यायला वकील लागतो, आणि शेतमजुरी करून म्हाताऱ्या झालेल्या बाईच्या उंबरठ्यावर वकिलाआधी व्यापारी पोहोचतो.

त्यानंतरच्या काळात काही सुधारणा झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. शिवणाऱ्यांचे स्वामित्वहक्क राखण्याचे आणि थेट विक्रीचे मार्ग निघाले. आज एकेका गोधडीला हजारो डॉलर मिळू शकतात. पण जुनी खोड गेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘टार्गेट’ या देशव्यापी दुकान-साखळीने कृष्णवर्णीय इतिहास-मासाच्या निमित्ताने जीज बेंडच्या पाच स्त्रियांच्या आकृत्यांवर बेतलेला कारखानी माल विकायला आणला. त्या पाच जणींना मोबदला मिळाला तो ठोक. माल किती खपला, याच्याशी त्या रकमेचा संबंध नव्हता. इतिहास-मास साजरा झाला, आणि नफ्यातील वाट्याचा प्रश्न मागच्याच इतिहासात राहिला.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, त्या स्त्रियांनी स्वखुशीने सही केली, काही नाही त्यापेक्षा काही मिळाले, शिवाय गावाचे नाव झाले. अर्धेलीचा करारही कुळाने स्वखुशीनेच केलेला असे. ज्या परगण्याची गणना देशातील अत्यंत गरीब परगण्यांत होते, तेथे समोर आलेला आकडा नाकारण्याची मोकळीक कितपत असते, हे सही घेणाऱ्याला चांगले ठाऊक असते. आणि नावाचे म्हणाल तर, नाव होऊन वीस वर्षे लोटली. त्याच अवधीत, २०१२ मध्ये, फ्रीडम क्विल्टिंग बी बंद पडली. प्रसिद्धीने तिला वाचवले नाही.

दुसऱ्या बाजूने नाके मुरडणारेही आहेत. दोरीवर गोधडी, खाली किमतीची चिठ्ठी, समोर सहलीला आलेली मंडळी. यात कलेचे पावित्र्य भ्रष्ट होते, असे त्यांना वाटते. हे पावित्र्य संग्रहालयाच्या तिकीटखिडकीपाशी कधी भ्रष्ट होत नाही, नवल आहे. मेळ्याचे मोल नेमके त्या चिठ्ठीतच आहे. तेथे किंमत सांगते ती शिवणारी बाई. गिऱ्हाईक तिच्याच अंगणात उभा राहून ती ऐकतो, पटली तर देतो. गेल्या साठ वर्षांत या गोधडीने अनेक हात पाहिले, त्यात हा व्यवहार सर्वांत कमी हातांचा आहे.

तरीही केवळ मेळ्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरेल. मेळ्यात जिचे नाव ग्रंथांत आले तिची गोधडी आधी विकली जाते. जिचे आले नाही ती संध्याकाळी दोरी सोडते. जिचे डोळे गेले, जिच्याने सुईत दोरा ओवला जात नाही, तिला मेळा काय देणार? १९६६ च्या संस्थेचे दोष काही असोत, तिने वाटणीचा प्रश्न एकेका घरावर सोडला नव्हता. आज मागणी करायची ती त्याच रेषेत हवी. जीज बेंडची आकृती ज्या ज्या मालावर छापली जाईल, त्याच्या प्रत्येक नगावर विक्रीच्या प्रमाणात वाटा हवा, लेखी हवा, त्याचा हिशेब दरवर्षी गावासमोर वाचला जावा. आणि त्यातील एक भाग सर्व शिवणाऱ्यांच्या, न शिवू शकणाऱ्यांच्याही, सामाईक निधीत पडावा. मोठ्या दुकानांना हे परवडणार नाही असे म्हणणाऱ्यांनी कृपा करून त्यांचे ताळेबंद पाहावेत.

मेळ्याला येणाऱ्यांना आता कॅमडेनहून नदी ओलांडून येता येते. चव्वेचाळीस वर्षे बंद असलेली तर २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती विजेवर चालते. १९६२ मध्ये मत नोंदवायला निघालेली एकवीस वर्षांची मुलगी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पासष्ट वर्षांची होती.