शाळेंतील धर्माचा तास

वसईपासून विरारपर्यंतच्या पट्टींत ख्रिस्ती संस्थांनीं चालविलेल्या माध्यमिक शाळा आहेत, आणि त्यांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती अशीं सर्वच घरचीं मुलें शिकतात. अशा शाळांतून कॅथलिक मुलांस ख्रिस्तधर्माचे पाठ द्यावे व इतरांस नीतिपाठास बसवावें असा सर्वसाधारण रिवाज आहे. यावर एक पक्ष म्हणतो, शाळेंतून धर्म अजिबात हद्दपार करा. दुसरा म्हणतो, शाळा आमची, काय शिकवावें तें आम्हीं ठरवूं. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं कायदा नीट वाचलेला नाहीं.

राज्यघटनेचें २८ वें कलम पाहा. जी शाळा सर्वस्वीं सरकारी पैशावर चालते तींत धर्मोपदेशास मनाई आहे. परंतु खासगी संस्थेची शाळा सरकारची मान्यता वा ग्रँट घेत असली, तरी तेवढ्यानें तिला धर्मोपदेशाची बंदी होत नाहीं. मात्र अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाच्या संमतीवांचून त्यास अशा पाठास किंवा उपासनेस बसण्याची सक्ति करतां येत नाहीं. अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क ३० व्या कलमानें दिला आहे खरा. पण तो हक्क संस्थेवर आहे, दुसऱ्याच्या मुलाच्या मनावर नव्हे.

तेव्हां सारा प्रश्न ‘संमति’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. सह्या कशा घेतल्या जातात हें वकिलास सांगावयास नको. प्रवेशाच्या अर्जाच्या तळाशीं, बारीक अक्षरांत, ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ असें छापून त्याखालीं घेतलेली सही ही संमति नव्हे. आमच्या वाचकांतील व्यापारी मंडळी कोऱ्या हुंडीवर सही करतील काय? मग पोटच्या पोराच्या बाबतींत ती कां करावी? आणि हें केवळ पाद्र्यांच्या शाळांस लागू आहे असें कोणीं समजूं नये. हिंदु मंडळीनें काढलेल्या व ग्रँट घेणाऱ्या शाळेंत सरस्वतीपूजनाच्या वेळीं ख्रिस्ती वा मुसलमान मुलास हात जोडावयास लावतांना त्याच्या बापास कोणीं विचारलें आहे काय? कलम एकच आहे. हें लिहिल्यानें आमच्यावर रोष होईल, होवो.

परंतु धर्माचा उपदेश निराळा आणि धर्मांची माहिती निराळी. कोठारी कमिशनानें (१९६४-६६) हा भेद केला. सुप्रीम कोर्टानेंहि २००२ सालीं अरुणा रॉय यांच्या खटल्यांत, धर्मांचा अभ्यास म्हणजे धर्मोपदेश नव्हे, असा निर्वाळा दिला. मग ही माहिती वसईच्या मुलांस कां नसावी? १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं येथील किल्ला सर केला हें हिंदु मुलास पाठ असतें. पण याच वसईंत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियास १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारलें व १८६२ सालीं रोमनें त्यास संतपद दिलें, हें बहुधा शेजारच्या आळींतील ख्रिस्ती मुलासच ठाऊक. पोर्तुगीज अमलांत धर्माच्या नांवानें जुलूम झाला, तोहि सांगावा. आणि १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें फादर स्टीफन्सचें ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापून निघालें, तेंहि सांगावें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें. २०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनास हे वसईकर अध्यक्ष निवडले गेले, तेव्हां धर्मगुरु अध्यक्ष कसा, म्हणून कांहींनीं ओरड केली. शेजाऱ्याचा धर्म शाळेंत शिकले असते, तर त्यांनीं ती केली असती काय?

आमची सूचना इतकीच कीं, उपदेशाचा तास दिवसाच्या आरंभीं वा अखेरीस ठेवावा, म्हणजे न बसणारें पोर चारचौघांत उघडें पडत नाहीं. त्याची संमति वेगळ्या कागदावर, मराठींत, केव्हांहि परत घेतां येईल अशी असावी. आणि सर्व धर्मांच्या माहितीचा तास सर्व मुलांनीं एकाच बाकावर बसून घ्यावा. जूनमध्यें शाळा उघडतात. अर्ज भरतांना पालकांनीं तो वेगळा कागद हेडमास्तरांकडे मागावा.