स्वतःला इजा करून घेणाऱ्यांना विजेचे शॉक. अमेरिकेतली बंदी कुठे अडकली?

ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता असलेली काही मुलं डोकं भिंतीवर आपटतात, स्वतःचे हात चावतात, स्वतःच्याच तोंडात मारून घेतात. हे थांबवायला विजेचा शॉक द्यायचा का? या प्रश्नावर अमेरिकेत २०१६ पासून खेचाखेची चालू आहे.

नेमकं प्रकरण काय?

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कँटन इथे जज रोटेनबर्ग सेंटर ही निवासी संस्था आहे. अमेरिकेत यासाठी शॉक वापरणारी ही एकमेव संस्था असल्याचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न व औषध प्रशासन, सांगतं. हातापायांना इलेक्ट्रोड, पाठीवर बॅटरीची बॅग आणि रिमोट कर्मचाऱ्याच्या हातात.

२००२ मध्ये इथे १८ वर्षांच्या एका तरुणाला ३१ शॉक दिले गेले. सुरुवात झाली ती त्याने जॅकेट काढलं नाही म्हणून! त्याचा व्हिडिओ २०१२ मध्ये कोर्टात दाखवला गेला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधींनी अशा शॉकमुळे छळविरोधी कराराचं उल्लंघन होतं, असं म्हटलं.

राज्याने २०११ मध्ये नव्या व्यक्तींना शॉक द्यायला मनाई केली. पण ज्यांच्यासाठी कोर्टाची परवानगी आधीच होती, त्यांना ती लागू नव्हती.

बंदी का टिकली नाही?

भाजणं, नैराश्य, आघातानंतरचा मानसिक त्रास असे धोके दाखवत एफडीएने मार्च २०२० मध्ये या उपकरणावर बंदी घातली. संस्था आणि काही पालक कोर्टात गेले. जुलै २०२१ मध्ये कोर्टाने २ विरुद्ध १ मतांनी बंदी रद्द केली. एखादं उपकरण एका उपचारापुरतं बंद करणं म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ, असा मुद्दा होता.

मग डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदाच बदलला आणि मार्च २०२४ मध्ये एफडीएने बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला.

पालक शॉकच्या बाजूने का?

सगळं करून झालं, औषधांनी मूल नुसतं गुंगीत राहायचं, शॉक नसता तर दृष्टी किंवा जीव गेला असता, असं काही पालक सांगतात. त्यांची भीती खोटी नाही. सतत डोकं आपटल्याने डोळ्याचा पडदा खरंच सुटू शकतो.

मुलं असं का करतात?

दात किंवा कान दुखतोय, पोट साफ होत नाही, आवाज सहन होत नाही आणि हे बोलून सांगता येत नाही. कधी नको असलेलं काम टळतं, कधी कुणीतरी जवळ येतं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवून दिलं, की वागणं एकसारखं दिसलं तरी प्रत्येक मुलामागचं कारण वेगळं असू शकतं.

म्हणून आधी दुखण्याची तपासणी, मग हे कधी आणि कशानंतर होतं याची नोंद. त्यावरून ‘थांबव’ किंवा ‘दुखतंय’ हे खुणेने वा चित्राने सांगायला शिकवलं जातं. गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं असतात. रिस्पेरिडोनला एफडीएने २००६ मध्ये मान्यता दिली.

याला वेळ लागतो, प्रशिक्षित माणसं लागतात. रिमोटचं बटण लगेच दाबता येतं. पण दाढदुखीमुळे डोकं आपटणाऱ्या मुलाला शॉक दिला, तर आपटणं थांबेल, दाढ दुखतच राहील. आणि ते सांगण्याचा त्याच्याकडे असलेला एकमेव मार्गही बंद होईल.