ऑपरेशनआधी नाकातला स्वॅब का घेत नाहीत?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. नातेवाईक डॉक्टरांच्या केबिनबाहेर गोंधळ घालतात आणि आम्ही पत्रकार 'हलगर्जीपणा' असं हेडिंग देतो. मीही दिलंय. नंतर एका सर्जननी मला समोर बसवून सांगितलं, "थिएटर कितीही स्वच्छ ठेवा, बऱ्याचदा पेशंटच जंतू नाकात घेऊन येतो."

तेव्हापासून या विषयावर वाचतोय. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू दहातल्या साधारण तिघांच्या नाकात असतो. एरवी त्याचा काही त्रास नाही. पण कातडीला चीर पडली की तो आत शिरू शकतो. कृत्रिम सांध्यावर ठाण मांडून बसला तर अँटिबायोटिकला सहज दाद देत नाही. पुन्हा ऑपरेशन, कधी बसवलेला सांधाच काढायची वेळ येते.

उपाय साधा आहे. नाकात म्युपिरोसिनचं मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने रोज आंघोळ. नेदरलँड्समध्ये नाकात हा जंतू असलेल्या 917 पेशंटवर हे करून पाहिलं, 2010 साली निष्कर्ष छापून आले. औषध नसलेलं मलम-साबण मिळालेल्यांपैकी 7.7 टक्के लोकांना स्टॅफचा संसर्ग झाला, खरं औषध मिळालेल्यांपैकी 3.4 टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी! हृदयाच्या आणि हाडांच्या ऑपरेशनआधी नाकात हा जंतू सापडला तर म्युपिरोसिन द्या, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितलंय.

आपल्याकडे ऑपरेशनआधी रक्त, शुगर, ईसीजी, एक्स-रे सगळं होतं. नाकातल्या स्वॅबबद्दल तुमच्या घरात कुणाला कधी विचारलं? कोरोनात तर गल्लोगल्ली नाकात काड्या घातल्या की! ठरवून होणाऱ्या सांधेबदलाच्या ऑपरेशनआधी ही तपासणी सक्तीची करा, सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये तिचा खर्च धरा, एवढीच मागणी आहे.

एक मात्र सांगतो. मेडिकलमधून मलम आणून स्वतःच लावत बसू नका. उगाच वापरलं तर जंतू त्यालाही सरावतो. डॉक्टरांनाच विचारा. आणि हॉस्पिटलवाल्यांनी याची ढाल करू नये. हात धुणं, हत्यारं निर्जंतुक करणं ही जबाबदारी तुमचीच.

यापुढे अशी बातमी आली तर हेडिंगच्या आधी मी एक प्रश्न विचारणार आहे: स्वॅब घेतला होता का?