पाटी पाहून जेवणारे आम्ही

परदेशात सहलीला गेल्यावर जेवायचं कुठे, हे आमच्या घरात ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. त्यात तो आवाज मजहबच्या नावाने चढला असेल, तर बाकीचे माना खाली घालून मागे चालू लागतात. मीही चालले. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहितेय.

गेल्या मे महिन्यात आम्ही नऊ जण पाच दिवस सिंगापूरला गेलो होतो. मी, नवरा, आमची दोन मुलं, थोरले दीर (त्यांना सगळे भाईजान म्हणतात), जाऊबाई, त्यांच्या दोन मुली आणि माझी अम्मी. अम्मी एकाहत्तर वर्षांची, चिपळूणच्या खाडीकाठची, पंधरा वर्षांपासून मधुमेह. तिचं तिकीट मी माझ्या पगारातून काढलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण तरीही पहिले तीन दिवस तिला 'तुम्हाला काय खायचंय?' असं एकदाही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. सुनेच्या आईने सासरच्या गोतावळ्यात तोंड उघडायचं नसतं, हे आमच्याकडे कुठल्याच किताबात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये गेलो. सिंगापुरात अशा जागांना हॉकर सेंटर म्हणतात. एका छताखाली खाण्याच्या गाळ्यांच्या रांगा, मध्ये टेबलं. पूर्वी रस्त्यावर हातगाड्या लावणाऱ्यांना सरकारने छताखाली आणलं, त्यातून हे उभं राहिलं. २०२० साली युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तमिळ, मलय, चिनी, सगळे शेजारी शेजारी. उष्टी ताटं ठेवायच्या जागासुद्धा वेगळ्या केलेल्या असतात, हलाल इकडे, बाकी तिकडे. मुसलमान तिथे साधारण पंधरा टक्के आहेत आणि त्यांच्या जेवणाची काळजी अख्खं शहर घेतं. एवढं पाहूनच माझं मन भरून आलं होतं.

साडेबारा वाजले होते. अम्मीने जेवणाआधीची गोळी घेतली. समोरच्या एका गाळ्यावर डोक्याला स्कार्फ बांधलेल्या पन्नाशीच्या मलय बाई होत्या, मागे भिंतीवर आयतुल कुर्सीची तसबीर. काचेच्या कपाटात नारळाच्या दुधातला भात, तळलेली वाळकी मासळी, तिखट सांबलमधले माकुळ. अम्मी काचेला नाक लावून उभी राहिली. "अगं, हे तर आपलंच!" म्हणाली. नासी लेमाकवरचे ते इकान बिलिस म्हणजे तिच्या लेखी सुकटच.

भाईजान पुढे झाले आणि त्यांनी त्या बाईंना इंग्रजीत विचारलं, सर्टिफिकेट कुठंय? बाई म्हणाल्या, मी मुसलमान आहे, गोश्त मुसलमानाकडूनच घेते. भाईजान म्हणाले, ते ठीक, पण सर्टिफिकेट? बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. तो चेहरा मला अजून दिसतो.

आम्ही निघालो. कोपऱ्यावर केळीच्या पानावर वाढणारं एक शाकाहारी उपाहारगृह होतं. अम्मी हळूच म्हणाली, "इथे डोसा खाऊ या." भाईजान म्हणाले, तेल कुठलं, भांडी कुठली, काय भरवसा? मग सगळी वरात उन्हातून कंपोंग ग्लामकडे, सुलतान मशिदीच्या बाजूला, कारण तिथे एक पाटीवालं हॉटेल त्यांनी फोनवर शोधलं होतं. वाटेत फुटपाथच्या कडेला अम्मी एकदम बसली. हात थरथरत होते, कपाळावर घाम, मला नाव घेऊन हाक मारता येईना. गोळी पोटात आणि पोट रिकामं, म्हणजे साखर उतरणारच. धाकट्या पुतणीने धावत जाऊन संत्र्याच्या रसाचा डबा आणला. त्या पोरीने डब्यावर पाटी बघितली नाही, एवढंच आमचं नशीब.

रात्री भाईजानना मी पहिल्यांदा उलट बोलले. तेव्हा रागाने अर्धंच बोलता आलं. उरलेलं इथे.

सिंगापुरात हलालचं प्रमाणपत्र देते ती मुईस, म्हणजे मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा. कायद्याने १९६८ साली स्थापन झालेली संस्था, १९७८ पासून प्रमाणपत्रं देते. तिचं काम चोख आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. परक्या मालकाच्या हॉटेलात, साखळीच्या बर्गरच्या दुकानात मुसलमान ग्राहकाला चटकन कळावं, यासाठी ती पाटी फार उपयोगाची. पण प्रमाणपत्र घेणं तिथे ऐच्छिक आहे. ज्याला हवं तो अर्ज करतो, पैसे भरतो, कागद पुरे करतो. एकट्या गाळा चालवणाऱ्या कित्येक मुसलमान बाया त्या खटाटोपात पडत नाहीत. पाटी नाही याचा अर्थ कुणी तपासायला आलं नाही, एवढाच. भाईजाननी त्याचा अर्थ 'हराम' असा लावला, आणि एका मुसलमान बाईला तिच्या तोंडावर, तिच्या आयतुल कुर्सीखाली, खोटं ठरवलं.

सोलापुरात भाईजान ज्या खानावळीत शीग खायला जातात, तिथे त्यांनी आजवर कधी प्रमाणपत्र मागितलंय? कुरेशीचाचांच्या दुकानात? मागितलं तर चाचा सुरी खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहतील. तिथे माणसाचा शब्द पुरतो. विमानात बसलं की माणसाचा शब्द संपतो आणि कागद सुरू होतो, हा कुठला न्याय?

बुखारीतली एक हदीस मी लहानपणी मकतबमध्ये ऐकली होती. काही लोकांनी पैगंबरसाहेबांना विचारलं, नव्याने इस्लाममध्ये आलेले लोक आमच्याकडे गोश्त आणतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं होतं की नाही ते आम्हाला ठाऊक नाही. उत्तराचा आशय असा, की तुम्ही बिस्मिल्ला म्हणा आणि खा. मुसलमानाच्या हातच्या अन्नाची उलटतपासणी करू नका, हेच उलेमा त्यातून सांगत आले. आम्ही मात्र पोलिसासारखे गाळ्यासमोर उभे.

आता माकुळाची गोष्ट. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. मलय लोकही शाफई. अरबी समुद्रातून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर हा मसलक दोन्ही किनाऱ्यांना पोचला. म्हणून आमच्याकडे तिसऱ्या, कालवं, माकुळ सगळं चालतं, तसंच त्यांच्याकडे. सासर हनफी. त्यांच्यात समुद्रातलं फक्त मासे म्हणून जे गणलं जातं तेच चालतं, आणि कोलंबी मासा की काय यावर मौलवींचंही एकमत नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी तिसऱ्यांचं सुकं केलं तर जाऊबाईंनी पातेलं वेगळं काढून ठेवलं होतं. (आता त्या माझ्याकडून गुपचूप मागून खातात. ते असो.) मुईसची पाटी लागलेल्या कुठल्याही हॉटेलात सांबल सोतोंग, म्हणजे हेच माकुळ, खुशाल मिळतं. मग भाईजान काय करतात? पाटी असूनही खात नाहीत. बरोबरच आहे, त्यांचा मसलक त्यांनी पाळावा. पण मग पाटीच्या आत बसल्यावरही स्वतःची अक्कल वापरावी लागतेच ना? ती पाटीबाहेर वापरायला काय हरकत होती? डोसा हवा होता. त्यात कापायचं काय आणि हलाल-झटका काय?

कुणी म्हणेल, बाई ढिलाई शिकवतेय. नाही. चिनी गाळ्यांवर क्वे त्याऊ परंपरेने डुकराच्या चरबीत परततात, ते मी खाल्लं नाही, मुलांनाही दिलं नाही. हाइनानी चिकन राइस मुसलमान करतो का ते विचारूनच घेतला. 'नो पोर्क, नो लार्ड' एवढंच लिहिलेल्या ठिकाणी कोंबडी कुणी कापली हा प्रश्न उरतोच, तोही विचारला. विचारणं वेगळं. विचारल्यावर मिळालेलं उत्तर ऐकूनच न घेणं वेगळं.

भाईजान असे का झाले, याचाही मी विचार केला. ते वाईट माणूस नाहीत. पण गेली काही वर्षं इकडे हलाल या शब्दावरच दगड पडताहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी घातली. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या राज्यातल्या एका मंत्र्यांनी झटका मटणवाल्यांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र काढलं. पाटीला पाटी. जी गोष्ट घरात बिस्मिल्ला म्हणून संपायची, ती झेंडा झाली. इथे जो शब्द दबक्या आवाजात उच्चारावा लागतो, तो तिथे हिरव्या अक्षरांत दारादारावर उघड लावलेला पाहिला की छाती फुगते. माझीही फुगली. भाईजानना ती पाटी दिसली की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, हे मला कळतं. पण त्याची किंमत त्यांनी अम्मीकडून का वसूल करावी? आपल्याला सोसायटीत घर नाकारणाऱ्यांचा आम्हाला राग येतो, कारण ते आमचं नाव बघतात, माणूस बघत नाहीत. त्या मलय बाईंना आम्ही वेगळं काय केलं?

आणि कुरआनात हलालबरोबर तय्यिब हा शब्द येतो, तो आमच्या गप्पांत कधीच का येत नाही? तय्यिब म्हणजे चांगलं, शुद्ध, अंगाला मानवणारं. त्या पाच दिवसांतली चार जेवणं आम्ही बर्गर आणि तळलेल्या बटाट्यांवर काढली, कारण तिथे पाटी होती. मधुमेही म्हातारीला बटाट्याच्या कांड्या आणि कोला. पाटी पूर्ण, जेवण शून्य. आजाऱ्याला तर आपल्या मजहबने रोजासुद्धा माफ केलाय. इथे तर फक्त एका गाळ्यावर बसायचं होतं.

शेवटच्या दिवशी सगळे खरेदीला गेले. मी अम्मीला घेऊन टेक्काला गेले, बरोबर साडेबाराला. त्याच बाई होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी सलाम केला, माफी मागितली. त्यांनी भात वाढला, वर माकुळ, आणि अम्मीसाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करून दिला. तिच्या गोळ्यांची डबी टेबलावर पाहिली होती. अम्मीला इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी नाही. तरी दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं. अम्मी बोटांनी नारळ खवून दाखवत होती आणि त्या हसत होत्या.

पुढच्या मे महिन्यात पेनांगचं घाटतंय. भाईजाननी आतापासूनच पाटीवाल्या हॉटेलांची यादी काढलीय, काढू देत, रात्रीची जेवणं त्यांच्या यादीतून. दुपारचं जेवण कुठे ते अम्मी ठरवणार, आणि साडेबाराला. हे मी घरच्या ग्रुपवर लिहून टाकलंय. अजून त्यावर कुणी काही बोललेलं नाही. जाऊबाईंनी फक्त अंगठा दाखवलाय.