कावळा आणि पाऊस

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे असते आणि पावसात ते वाहून जाते. प्रत्यक्षात कावळा शेणाचे घर बांधत नाही. तो काटक्या रचून घरटे करतो. तारेचा तुकडा मिळाला, तर तोही त्यात गुंफतो. गोष्ट गोड आहे, ती जरूर सांगावी. पण कावळा कसा आहे हे जाणायचे असेल, तर झाडाकडेच पाहिले पाहिजे.

इंदापूर तालुक्यातील आमचे अंथुर्णे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. नीरा डाव्या कालव्यामुळे या भागात उसाचे मळे उभे राहिले. तरी जिराईत शेतकऱ्याचे डोळे आजही आभाळाकडेच लागलेले असतात. अशा मुलखात पावसाची खूण सांगणारा पक्षी मोलाचा वाटला, तर नवल नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून असे मानतात की, कावळ्याने आंब्यासारख्या झाडावर घरटे केले तर पाऊस चांगला होतो, आणि बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर तो कमी होतो.

मुलांनो, हे खरे मानावे की खोटे? ऐकताच मान डोलावणे सोपे आहे, आणि ऐकताच हसणेही तितकेच सोपे आहे. दोहोंतही पाहण्याचे कष्ट नाहीत. माझ्या मते तिसरी वाट चांगली : वर्षभर पाहावे आणि लिहून ठेवावे.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वैशाखातील दुपारी कावळा चोच उघडी टाकून सावलीत बसतो. याच सुमारास तो चोचीत काटक्या घेऊन उडताना दिसतो, आणि कोकिळा त्याच्या घरट्यात आपले अंडे घालण्याची संधी शोधू लागते. अंडी उबण्यास सोळा-सतरा दिवस लागतात. पिले बाहेर आली, म्हणजे एरवी भित्रा वाटणारा कावळा झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतो. वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून बाभळीवर आणि कडुलिंबावर जमतात. पिलांना चारा लागतो, तेव्हाच किड्यांचा सुकाळ होतो. भाद्रपदात पितृपक्ष येतो. एरवी हाकलला जाणारा हाच पक्षी त्या दिवसांत घासासाठी आदराने बोलावला जातो. थंडीत सायंकाळी कावळ्यांचे थवे एकाच झाडावर वस्तीला जमतात, आणि शेतात नांगर चालू झाला की हुमणीच्या अळ्या टिपण्यासाठी ते त्याच्या मागे चालतात.

आता पावसाच्या खुणेकडे वळू. जेथे आंबे थोडे आणि बाभळी पुष्कळ, तेथे घरटीही बाभळीवरच अधिक दिसणार. तेवढ्यावरून दुष्काळ पडणार असे कसे म्हणावे? शिवाय, खूण जुळली ते वर्ष माणसाच्या लक्षात राहते. न जुळलेले वर्ष तो विसरून जातो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसे हे असू शकते. १९७२ चा दुष्काळ अजून पुष्कळांना आठवतो. पण त्या वर्षी पावसापूर्वी कावळ्यांनी घरटी कोणत्या झाडांवर बांधली होती, याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. नोंदीवाचून ही खूण खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

हा केवळ गमतीचा प्रश्न नव्हे. घरटे पाहून कोणी घाईने पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे बियाणे कावळा आणून देत नाही. म्हणून ज्या गोष्टीवर घरचे धान्य अवलंबून असते, ती तपासून घेणे हा वडीलधाऱ्यांचा अनादर नव्हे. त्यांनीही प्रथम पक्ष्यांकडे पाहिले, म्हणूनच त्यांना हा विचार सुचला. त्यांनी पाहिले, आपण पाहून लिहावे.

एक वही घ्या. घरटे कोणत्या झाडावर आहे, किती उंचीवर आहे, केव्हा बांधले, हे तिच्यात लिहा. परिसरात बाभळी किती आणि आंबे किती, तेही मोजा. पावसाचे आकडे तिच्याच शेजारी मांडा. एका वर्षाने उत्तर मिळणार नाही; कदाचित दहा वर्षे लागतील. तोवर तुम्ही मोठे झालेले असाल. तेव्हा कोणी विचारले, तर ऐकीव गोष्ट न सांगता तुम्ही आपली वही उघडून दाखवू शकाल.