बुलेट घ्यावी की पल्सर?



मुलगा कामाला लागला, चार पगार हातात आले, की घरात गाडीचा विषय निघतोच. वडील म्हणतात, दीडशे सीसीची पल्सर बघ. पळते चांगली, पेट्रोल बेताचे, गल्लीबोळात कुठेही वळते. मुलाचे मन मात्र बुलेटवर. मग जेवताना वाद. आईने कोणाची बाजू घ्यावी? त्याआधी दोन्ही गाड्या समजून घेऊ या.

पल्सर पुण्याच्या बजाजची, 2001 साली बाजारात आली. दीडशे सीसीच्या पल्सरची ताकद सुमारे 14 अश्वशक्ती आणि वजन दीडशे किलोच्या आत. बुलेट मूळची इंग्लंडची. भारतीय लष्कराच्या मागणीमुळे 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागली. आजच्या बुलेटचे इंजिन 349 सीसी, ताकद सुमारे 20 अश्वशक्ती, वजन 195 किलो. म्हणजे इंजिन दुपटीहून मोठे, पण ताकद काही दुप्पट नाही, आणि वाढीव वजन ओढण्यातच त्यातली बरीच खर्च होते. गर्दीच्या रस्त्यावर पल्सरच पुढे निघून जाईल.

मग लोक बुलेटला भुलतात कशाला? तिच्या चालीला. जुन्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, तर पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. लांब धावेचा एकच पिस्टन आणि त्याला जड फ्लायव्हील, त्यामुळे इंजिन सावकाश फिरूनही बंद पडत नाही आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. 2023 साली नवे इंजिन आले, थरथर पुष्कळ कमी झाली, पण चाल तशीच संथ आहे. (सायलेन्सर बदलून वस्तीची झोप मोडणे ही मात्र हौस नव्हे, उपद्रव आहे.)

आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. गावात बुलेट बहुधा वाड्यापुढे उभी दिसायची. 2025 च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवतो हे सहन झाले नाही, अशी तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. आपल्या मुलाच्या हट्टात हाही अर्थ असू शकतो. तेव्हा त्याला ‘चैनी’ म्हणून झिडकारू नये.

पण हिशेब करावाच. महिन्याला हजार किलोमीटर जाणे-येणे धरा. बुलेट लिटरला सुमारे 35 किलोमीटर देते, पल्सर 45 च्या आसपास. लिटरचे शंभर रुपये धरले तरी बुलेटला महिन्याला सहाशे रुपयांच्या वर जास्त लागतात. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. 2022 च्या दरपत्रकात दीडशे सीसीपर्यंत तो 3,851 रुपये, तर त्यापुढे साडेतीनशे सीसीपर्यंत 7,365 रुपये होता.

खरा फटका बसतो तो हप्त्यात. एजंट सांगतो, “फक्त दहा टक्के.” ते दहा टक्के ‘फ्लॅट’ की घटत्या बाकीवर, हे विचारा. एक लाखाच्या कर्जाला तीन वर्षे फ्लॅट दहा टक्के म्हणजे तीस हजार व्याज, हप्ता सुमारे 3,611 रुपये. घटत्या बाकीवर दहा टक्के असेल तर हप्ता 3,227 च्या आसपास. म्हणजे फ्लॅटचे दहा टक्के प्रत्यक्षात अठराच्या घरात जातात! कागदावर सही करण्याआधी एकूण किती रुपये फेडायचे, तो आकडा लिहून मागावा.

माझे मत विचाराल तर, घरात एकच गाडी असणार असेल आणि तिच्यावरच पाळी, दवाखाना, बहिणीचा क्लास सगळे चालायचे असेल, तर पल्सर. कर्ज थोडे असेल आणि रोजच्या कामाला दुसरी गाडी दारात असेल, तर मुलाला खुशाल बुलेट घेऊ द्या. सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्याचा लाभ दोन्ही गाड्यांना मिळतो.

शोरूमला जाताना बहिणीलाही सोबत न्या. गाडी स्टँडवरून काढून तिला चार पावले मागे ढकलून पाहू द्या. आपल्या गल्लीत गाडी वळवायला जागा किती, हे तिला चांगले ठाऊक असते.